‘फुकट ऑपरेशन म्हणजे लेकरांवर प्रयोग’? जरा थांबा

वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे कोणाला मान वर करायची सवड नसते. तरी हा मेसेज यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात एकाच दिवशी तीन ग्रुपवर येऊन पडला. सांगणं असं: मोठी हॉस्पिटलं खेड्यातल्या लेकरांच्या हृदयाची ऑपरेशनं फुकट करतात, कारण त्यांच्यावर संशोधन चालतं. एकच प्रयोग दहा शहरांत वाटून करतात, म्हणजे पकडला जात नाही. हेतू एकच, कंपन्यांची नवी औषधं खपवणं. एकदा सही केली की आईबापाचा हक्क संपला. आणि हृदयातलं भोक तर आपोआप बुजतं. खाली हात जोडलेले.

शेजारच्या आजीने तो नातवाकडून वाचून घेतला आणि नातीची नागपूरची तारीख रद्द करायला निघाली. “गुरुजी, पोरगी धावते, खेळते. मंग चिरायचं कायले?” म्हणून हे लिहायला बसलो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण जिवावर बेतणारा तोच आहे. ‘भोक आपोआप बुजतं’ हे अर्धं खरं आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं बारीक भोक पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत बुजतं, आणि डॉक्टर स्वतःच सांगतात, थांबा, पुन्हा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करू. मोठं भोक मात्र फुप्फुसांत जास्तीचं रक्त ढकलत राहतं. तिथला दाब वाढतो, रक्तवाहिन्या कडक होत जातात, आणि एक वेळ अशी येते की भोक बुजवणंच घातक ठरतं. तेव्हा ऑपरेशनला नकार डॉक्टरांकडून येतो.

शिवाय आजीच्या नातीला नुसतं भोक नाही. बाकी पोरं दमली की उभ्या उभ्या धापा टाकतात. ही मातीत उकिडवी बसते, गुडघे पोटाशी, ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे. अंगणवाडीत सगळ्यांना वाटायचं, पोरगी लाडावलेली आहे. आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर आकडा 78 टक्के, फारच कमी. आजाराचं नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो: हृदयात भोकासकट चार दोष एकत्र, आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. उकिडवं बसलं की पायांच्या धमन्या दबतात आणि फुप्फुसांकडे थोडं जास्त रक्त जातं. लेकराला हे कोणी शिकवलेलं नसतं, त्याचं शरीरच शोधून काढतं. हा दोष वयाने बरा होत नाही.

‘फुकट म्हणजे प्रयोग.’ खर्च कोण करतं ते तरी बघा. आरबीएसके ही 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झालेली सरकारी योजना. अशा मुलांना हुडकणं आणि पुढच्या उपचाराला पाठवणं हे तिचं कामच आहे. ऑपरेशनसाठी महात्मा फुले योजना आहे. पैसा आपल्याच कराचा आहे.

आता दहा शहरांचं. हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयात दोष घेऊन जन्मतात. पण दोषांचे प्रकार इतके, की त्यातल्या पुष्कळ प्रकारांची मुलं एका हॉस्पिटलात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच येतात. एवढ्यावरून कोणती पद्धत बरी हे कळणार कसं? म्हणून हॉस्पिटलं नोंदी एकत्र करतात. अमेरिकेत अर्धंच हृदय घडलेल्या बाळांच्या पहिल्या ऑपरेशनमध्ये फुप्फुसांना रक्त देणारी नळी कुठून जोडावी यावर वाद होता. 15 केंद्रांनी मिळून 549 बाळांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. 2010 साली निकाल आला: वर्षभरानंतर, हृदय बदलावं न लागता, एका गटात 74 टक्के बाळं जगली, दुसऱ्यात 64. पुढे त्याच लोकांनी त्याच मुलांचा पाठपुरावा केला, आणि सहा वर्षांनी तो फरक जवळपास उरला नाही, हेही छापलं. लपवालपवी करणाऱ्याला हे दुसरं छापायची काय गरज?

यात मुलांच्या हॉस्पिटलचं काम काय असतं, ते बोस्टन चिल्ड्रन्सच्या उदाहरणात नीट दिसतं. त्यांनी गरीब आणि मध्यम देशांतल्या केंद्रांसाठी नोंदवही चालवली. सुरुवातीच्या वर्षांत 17 देशांतली 28 केंद्रं त्यात होती. आकडे तपासायचे आणि ज्याचा हिशोब त्याला परत द्यायचा. आणि शिकवलं काय? ऑपरेशनआधी-नंतरची सावध पद्धत, जंतुसंसर्ग टाळणं, नर्स-डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून काम करणं. मेसेजवाल्यांचा ‘प्रयोग’ म्हणजे पुष्कळदा हात धुणं असतं!

‘नवी औषधं खपवायला.’ मारफान आजारात हृदयाची मुख्य धमनी फुगते. त्यावर 608 मुला-तरुणांमध्ये लोसार्टन हे त्या आजारासाठी नवं औषध आणि जुनं अटेनोलॉल ताडून पाहिलं. 2014 चा निकाल: फरक नाही. जुनीच गोळी पुरते, हेही संशोधनच सांगतं.

सहीच्या मुद्द्यावर मात्र मेसेजवाल्यांना मी सरळ खोडणार नाही. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एका अभ्यासात एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची, लस दिली, तेव्हा कित्येक संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. 2013 साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. मलाही एका मोठ्या हॉस्पिटलात इंग्रजी कागद पुढे सरकवून “काका, सही करा, मागं लाइन आहे” म्हटलेलं आहे. केली मी सही. मास्तर असून.

पण हक्क संपत नाही. ऑपरेशनची संमती वेगळी, संशोधनाची वेगळी. संशोधनाला नाही म्हटलं, किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी उपचार थांबवता येत नाहीत. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे लेखी तयारीही विचारावी लागते; पालकांची सही लागतेच, ही तिच्याहून वेगळी. औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असावी लागते. ती कोणालाही मोबाइलवर फुकट बघता येते.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आजी म्हणाली, “मले ध्यानात नाई राहात, लिहून द्या.” वहीचं पान फाडून तीन ओळी लिहिल्या. हा कागद मराठीत आहे का? ही सही ऑपरेशनची की संशोधनाची? नाही म्हटलं तर तारीख पुढे जाईल का? तिने पान घडी करून एकोच्या फाइलीत ठेवलं. नागपूरची गाडी सकाळी सहाला आहे.