नगरसेवक ते सिनेटर: आयर्लंडची टपाली मतं आणि आपल्या सहली

‘विधान परिषद हवीच कशाला, हरलेल्यांची सोय करायला?’ हा आपल्याकडचा वाद इथे आयर्लंडमध्ये बसून ऐकताना जुन्या ओळखीचा वाटतो. २०१३ मध्ये आयरिश सरकारने हाच प्रश्न थेट जनतेला विचारला होता. सिनेट, म्हणजे इथल्या संसदेचं वरचं सभागृह, बरखास्त करायची का? ५१.७ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. म्हणजे प्रेमाने नव्हे, जेमतेम. माझं मत असं की मागच्या दाराला उगाच बदनाम करू नये. दाराची चौकट कशी बसवली आहे, ते आधी पाहावं.

इथल्या सिनेटचे ६० सदस्य. ११ जण पंतप्रधान नेमतात, ६ विद्यापीठांच्या पदवीधरांमधून येतात आणि उरलेले ४३ पाच पॅनेलांमधून, म्हणजे विषयवार उमेदवार-गटांमधून. शेती आणि कामगार पॅनेलला प्रत्येकी ११ जागा, उद्योग-व्यापाराला ९, प्रशासनाला ७, संस्कृती-शिक्षणाला ५. नावं भारदस्त असली तरी मतदार तेच ते: ३१ स्थानिक संस्थांचे ९४९ नगरसेवक, खासदार आणि मावळते सिनेटर, मिळून सुमारे ११७०. त्यामुळे सिनेटचं स्वप्न पाहणाऱ्याला डोनेगलपासून कॉर्कपर्यंत नगरसेवकांची दारं ठोठावावी लागतात. स्वतः नगरसेवक राहिलेला माणूस तिथे एक पाऊल पुढे असतो. खड्डे, घरकुलांची यादी, बांधकाम परवानग्या ही भाषा त्याला आधीच येते.

गणित मात्र नीट करावं लागतं. शेती पॅनेलला ११ जागा, म्हणून कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, एकूण मतांच्या बाराव्या हिश्शाहून जरा जास्त, साधारण ९८. संस्कृती पॅनेलला पाचच जागा, तिथे कोटा जातो १९६ च्या आसपास. नवख्याने शहाणपणाने मोठं पॅनेल धरावं. अपक्ष व्हिक्टर बोयहन डब्लिनच्या किनारपट्टीवरच्या डन लेरी-रॅथडाउन कौन्सिलमधून २०१६ मध्ये सिनेटवर गेले, ते शेती पॅनेलमधूनच. आणखी एक खाच आहे. प्रत्येक पॅनेलमध्ये दोन उपगट असतात: खासदार-सिनेटरांनी सुचवलेले आणि नोंदणीकृत संस्थांनी सुचवलेले. दोन्हींतून ठरावीक किमान जागा भरायच्या असतात. म्हणून जास्त मतं असूनही, आपल्या उपगटाच्या जागा भरल्या की उमेदवार घरी जातो.

मतपत्रिका नोंदणीकृत टपालाने येतात, पाच पॅनेलांच्या पाच. अधिकृत व्यक्तीसमोर आपली ओळख पटवणाऱ्या कागदावर सही करायची, पसंतीक्रम लिहायचा आणि टपालानेच परत पाठवायच्या. मोजणीत एक मत हजार धरतात, म्हणजे कोट्याच्या वरची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवारांना वाटताना अपूर्णांकांची कटकट नको.

आता आपल्याकडे पाहा. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. पण बहुतेक मतदारसंघ एकेका जागेचे, मतदार काहीशे, आणि जिंकायला निम्म्याहून अधिक मतं. मग निवडणुकीआधी नगरसेवकांच्या ‘सहली’ निघणारच! चार बसगाड्यांत मावतील इतकी मतं फिरवली की काम झालं. इथे ९८ मतं देशभर विखुरलेली. त्यांना एका रिसॉर्टवर नेणार कसं? आयरिश माणूस आपल्यापेक्षा सोवळा आहे असं मुळीच नाही. त्याची मतं फक्त लांब लांब राहतात.

दुसरा फरक मला जास्त बोचतो. १९९९ च्या घटनादुरुस्तीपासून इथे मागच्या निवडणुकीनंतरचं पाचवं वर्ष संपायच्या आत स्थानिक निवडणुका घ्याव्याच लागतात. आपल्याकडे २०२२ नंतर काही वर्षं बहुतेक पालिकांवर प्रशासक बसले होते, नगरसेवकच उरले नव्हते, आणि त्यांच्या मतांवर भरायच्या परिषदेच्या जागाही रिकाम्या पडल्या होत्या. मतदारच नसलेला मतदारसंघ.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. २००४ च्या स्थानिक निवडणुकांपासून सिनेटर किंवा खासदाराला नगरसेवकपद ठेवता येत नाही. हे चांगलंच. पण नगरसेवकाच्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही, ज्या पक्षाची जागा असेल तोच नाव देतो. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं असलेले आणि पुढे आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर २००३ मध्ये फिंगल कौन्सिलवर आले ते असेच, सिनेटर शीला टेरी यांच्या जागी. पुढच्या वर्षी पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं घेऊन त्यांनी जागा स्वतःची केली. प्रत्येक जण करतोच असं नाही.

इथल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला किंवा उभं राहायला आयरिश नागरिकत्व लागत नाही, इथलं वास्तव्य पुरतं. पक्षाचं तिकीट नसेल तर १५ मतदारांचा पाठिंबा किंवा १०० युरो अनामत. निवडून आलात की भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून सिनेटची पाचही मतं द्या. स्वतः सिनेटर व्हायचं असेल तर मात्र आयरिश नागरिकत्व घ्यावं लागतं आणि तो पासपोर्ट परत करावा लागतो.