रीमॅप केला म्हणून गाडी ट्रॅकसाठी तयार होत नाही

मुंबईतल्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या ट्रॅक डेबद्दल, म्हणजे आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर नेऊन चालवायच्या दिवसाबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘ट्रॅक डेला जायचंय? स्टेज वन रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि 17 इंची अलॉय असतील तर गाडी तयार आहे. ब्रेक कंपनीचेच पुरतात, सर्व्हिसिंग झालेलं असलं की बास. टायरमध्ये 40 हवा ठेवा. आधी एकदा रात्री एक्स्प्रेसवेवर दाबून बघा. आणि इन्शुरन्स आहेच.’ पहिल्यांदाच ट्रॅकवर निघालेली पोरं हे वाचून गाड्या काढतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी ब्रेक, कारण सगळ्यात धोकादायक वाक्य तेच आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला घट्ट वळण. तिथे 180 वरून 60 वर यायचं म्हटलं, तर ब्रेकना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते ती 60 वरून गाडी पूर्ण थांबवण्याच्या आठपट असते. आणि हे प्रत्येक लॅपला. रीमॅपने सरळ पट्ट्यावरचा वेग वाढतो, म्हणजे हा बोजा आणखी वाढतो. ब्रेक मात्र तेच राहतात.

‘सर्व्हिसिंग झालंय’ म्हणणाऱ्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघावी. ते ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याची कमी कधीच नसते. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी शिरलं की मानकानुसार हाच आकडा 155 वर येऊ शकतो. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचत नाही आणि पेडल थेट खाली जातं. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये दोन पावसाळे काढलेल्या गाडीतलं ऑइल मी बाटलीत काढून पाहिलंय. नवं ऑइल फिकट पिवळं असतं, हे कोऱ्या चहासारखं काळपट होतं. आणि रंग चांगला दिसला म्हणून पाणी नाही असंही समजू नका. जाण्याआधी चांगल्या प्रतीचं सीलबंद डॉट 4 किंवा 5.1 भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या. डॉट 5 नको, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. सोबत जास्त तापमान सोसणारे पॅड लावा. पण निव्वळ रेसिंगचे नकोत, ते थंड असताना रस्त्यावर नीट धरत नाहीत. सेशन संपल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

टायरमध्ये 40 पीएसआय हवा? तीस अंशांवर 33 भरलेली हवा टायर ऐंशी अंशांपर्यंत तापला की 40 च्या पुढे जाते. 40 भरली तर 48-49 होईल, टायर मधोमध फुगेल आणि पकड जाईल. सुरुवात कंपनीने सांगितलेल्या आकड्यावरून करा, सेशन संपल्याबरोबर गरम टायरची हवा मोजा आणि तेव्हा कमी करा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. अलॉय कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून स्वस्तात उचललेले असतील तर तडे तपासा, आणि बोल्टचे पुरेसे आटे हबमध्ये बसतात ना, तेही.

एक्झॉस्टबद्दल काही बोलत नाही, त्याने गाडी थांबतही नाही आणि वळतही नाही. इंजिन ऑइल ताजं आणि वरच्या खुणेपर्यंत असू द्या.

‘रात्री एक्स्प्रेसवेवर दाबून बघा’ हा सल्ला वाचून मला खरोखर राग आला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारची मर्यादा 100 आहे, घाटात त्याहून कमी. समोर टेललॅम्प नसलेला ट्रक असू शकतो, गावाहून परतणारं कुटुंब असू शकतं. त्यांनी तुमच्या चाचणीला होकार दिलेला नाही. शिवाय त्यातून कळतंही काही नाही, कारण सरळ रस्त्यावर ब्रेकना वारा लागत राहतो आणि टायरवर आडवा ताण येत नाही. खरी तपासणी ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर होते. चाक वर-खाली धरून हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. डावी-उजवीकडे धरून हलवा, टाय रॉड कळेल. लोअर आर्मचे रबरी बुश टॉर्च मारून बघा. आपल्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीत यातलं काही ना काही सैल झालेलं असतंच. ट्रॅकवर उतरण्याआधी डॅशबोर्डवरचा गणपती, मॅट, बाटल्या, स्टेपनी, जॅक हे सगळं बाहेर काढा. ब्रेक पेडलखाली घरंगळलेली एक बाटली पुरेशी आहे.

आणि इन्शुरन्स. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात वगळलेली असते. ‘ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही’ हे आयोजकाच्या तोंडून ऐकून गप्प बसू नका, विमा कंपनीकडून लेखी घ्या. रीमॅप कंपनीला कळवलेला नसेल तर साध्या रस्त्यावरच्या क्लेमलाही अडचण येऊ शकते. आरसीवरच्या माहितीशी न जुळणारे बदल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्येच अडकतात.

राहिला परतीचा प्रवास, ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. मुंबईत ट्रॅक नाही. कोईमतूर, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा ग्रेटर नोएडा, कुठूनही घर हजार किलोमीटरच्या पुढे आहे, आणि बहुतेकांना ते त्याच गाडीने गाठायचं असतं. म्हणून कंपनीचे मूळ पॅड टूलकिटसोबत न्या. निघण्याआधी लावलेल्या पॅडची जाडी बघा, टायर थंड झाल्यावर हवा पुन्हा भरा आणि चाकांचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर परत घट्ट करा.