चुंबकाच्या मशीनने कंपवात ‘मुळासकट’ जातो?

आमच्या लातूर-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: परदेशात चुंबकाचे मशीन निघाले आहे. ते डोक्याला लावले की मेंदूचा फोटो निघतो. हात का थरथरतो, मान का वाकडी होते ते दहा मिनिटांत कळते, पेशंट ढोंग करतोय का तेही कळते. दहा सिटिंगमध्ये आजार मुळासकट जातो, गोळ्या बंद, साइड इफेक्ट शून्य. आणि ज्यांना पुण्या-मुंबईला जाणे जमत नाही त्यांच्यासाठी चुंबकाचा पट्टा घरपोच.

यातले मशीन खरे आहे, म्हणूनच मेसेज पटतो.

त्याचे नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, डॉक्टरांच्या तोंडी टीएमएस. फोटो काढतो तो एमआरआय. टीएमएस मेंदूला बाहेरून चाळवते आणि तो काय उत्तर देतो ते मोजते. 1980 मध्ये मर्टन आणि मॉर्टन या इंग्लंडमधल्या संशोधकांनी कवटीवरून थेट विजेने हे करून पाहिले होते, पण ते चांगलेच दुखायचे. 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी विजेऐवजी चुंबकीय क्षेत्र वापरले. तारेच्या गुंडाळीतून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ मोठा प्रवाह सोडायचा. दीड-दोन टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे माप) क्षेत्र उठते आणि विरते, खट्ट आवाज होतो (पेशंटच्या कानात आधीच बोळे घातलेले असतात). गुंडाळी नेमक्या जागी बसली असेल तर साधारण 20 मिलिसेकंदांनी पलीकडच्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. पेशंटने काहीच केलेले नसते. अंगठ्याजवळच्या स्नायूवर चिकटवलेले इलेक्ट्रोड त्या उडीचा जोर नोंदवतात. संशोधकाला हवा असतो तो हा आकडा.

आता ‘दहा मिनिटांत निदान’. मेसेज सगळ्यात जास्त घसरतो तो इथेच. हालचालींच्या आजारांत संशोधक एकाऐवजी दोन झटके देतात: आधी हलका, दोन-तीन मिलिसेकंदांनी जोरदार. निरोगी मेंदूत पहिल्या झटक्यामुळे दुसऱ्याचा परिणाम दबतो, कारण मेंदूत आवर घालणाऱ्या पेशी असतात. पेन धरले की हात वाकडा होतो, बाकी कामे नीट होतात, अशा लोकांवर 1995 मध्ये हा प्रयोग झाला तेव्हा हा आवर कमी पडलेला दिसला. शोध मोलाचा होता. ज्याला लोक ‘हाताची सवय बिघडली’ म्हणत, त्याच्या मागे मेंदूतला फरक मोजता आला.

पण तो फरक चांगल्या हाताचा ताबा असलेल्या अर्ध्या मेंदूतही दिसला! तो कंपवातात आणि टुरेट सिंड्रोममध्येही (अंगाला आपोआप झटके येणे, तोंडून आवाज निघणे) सापडला. नळाला प्रेशर नाही एवढ्यावरून बिघाड टाकीत की पाइपात हे सांगता येत नाही, तसेच हे. शिवाय हे निष्कर्ष गटांच्या सरासरीवरून काढलेले असतात. एकाच माणसाचा आकडा आज एक, उद्या दुसरा येतो. कंपवाताचा बिघाड मेंदूच्या आत खोलवर असतो, आणि नेहमीची गुंडाळी दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली फारशी पोचत नाही. तुमच्या काकांना नेमके काय झाले आहे, ते या आकड्यावरून कोणी सांगत असेल तर तो अंदाज विकतोय.

‘ढोंग पकडते’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकले. आपल्याकडे एखाद्या सुनेचे अंग थरथरू लागले की आधी देवऋषी, मग ‘नाटक करतेय’ असा शिक्का. आता त्या शिक्क्याला मशीनची साक्ष हवी आहे. ती मिळणार नाही. 2006 मध्ये मेंदूतल्या बिघाडाने होणारा डिस्टोनिया (स्नायू आखडून हात, मान वाकडी होणे) आणि ज्याला डॉक्टर फंक्शनल म्हणतात तो, म्हणजे मेंदूची रचना शाबूत पण कामात गडबड, या दोन्हींची टीएमएसने तुलना झाली, तेव्हा दोघांतही तोच कमी आवर दिसला. फंक्शनल आजार म्हणजे सोंग नव्हे. ती हालचाल त्या बाईच्या ताब्यात नसते. फंक्शनल थरथर ओळखायला बिनखर्चाची तपासणी आहे. एका हाताने ठरावीक ठेक्यात टेबलावर बोट आपटायला सांगतात आणि दुसऱ्या हाताची थरथर तो ठेका धरते का, थांबते का, ते बघतात.

‘दहा सिटिंग’बद्दल: झटके ओळीने देऊन उपचार करतात, हे खरे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये ते गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मान्य केले, 2018 मध्ये ओसीडीसाठी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार). कंपवातावर अनेक वर्षे प्रयोग चालू आहेत, काहींना काही काळ फरक पडतो. मुळासकट काही जात नाही. ‘साइड इफेक्ट शून्य’ही नाही. डोके दुखते, क्वचित फिट येते, आणि पेसमेकर, कानात बसवलेले इम्प्लांट किंवा मेंदूत तारा बसवलेल्यांनी आधी सांगितलेच पाहिजे.

पट्टा दोन ओळींत निकालात निघतो. मेंदूला चाळवणारी वीज तयार होते ती बदलत्या चुंबकीय क्षेत्राने, हे फॅरडेने 1831 मध्येच दाखवले. पट्ट्यातले चुंबक जागेवर पडून असते.

राहिले ‘गोळ्या बंद’, आणि मेसेजमधला खरा धोका हाच. लेव्होडोपा ही कंपवाताची गोळी एकाएकी बंद केली तर अंग लाकडासारखे ताठते, जोराचा ताप येतो, शुद्ध हरपते. जीवही जाऊ शकतो. एखादी गोळीच आजाराचे कारण असते, तेही खरे आहे, पण ती वेगळी. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने घेतलेली सिनॅरिझिन हुबेहूब कंपवात आणू शकते. उलटीसाठीच्या मेटोक्लोप्रमाइडने म्हाताऱ्या माणसांचे तोंड चघळल्यासारखे हलू लागते. कोणती गोळी थांबवायची, कशी कमी करायची, हे डॉक्टरांना ठरवू द्या. त्यासाठी संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्यासुद्धा.