नाना, आखाजी हवी तसा बालदिनही हवा

नाना, बालदिनाबद्दलची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं, की लेकरांवर आपण बाराही महिने जीव टाकतो, मग एका दिवसाचं कौतुक कशाला? हे खूळ बाहेरून आलंय, आणि ऐन कापूस वेचणीच्या घाईत पोरांना गुलाब लावून फोटोला कशाला उभं करायचं?

फोटोचं पटलं. चाचा नेहरू झालेलं पोरगं पाहुण्यांची वाट बघत उन्हात ताटकळतं आणि भाषणं मोठेच ठोकतात, तो बालदिन नव्हेच.

पण बाराही महिने जीव टाकतो म्हणून वेगळा दिवस नको, हे मला मान्य नाही. लेकीवर आपला जीव वर्षभर असतोच ना? तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी आणतो, निंबाला झोका बांधतो, सांजोऱ्या करतो. त्या दिवशी तिने मनासारखं हसावं-गावं म्हणून घरातली कामं दुसरं कुणीतरी उरकतं. आखाजी बंद करा असं तुम्ही कधी म्हणणार नाही. मग लेकरांनाच का नाही?

बाहेरून आलं हे खरं. संयुक्त राष्ट्रांनी १९५४ साली अशा दिवसाची शिफारस केली. आपल्याकडेही आधी तो २० नोव्हेंबरला असायचा, १९६४ साली नेहरू गेल्यावर १४ नोव्हेंबरला आला. पुढे १९८९ ची बालहक्क संहिता आली, भारताने ती १९९२ साली मान्य केली. खेळणं, विश्रांती हा मुलांचा हक्क, आणि त्यांच्याबद्दल काही ठरवताना त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हे तीत लिहिलंय. पण ही दृष्टी आपल्या मातीला परकी कुठे आहे? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून शिकवणारे साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचे!

ऐकण्यावरच माझा सगळा भर आहे. रावेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मागच्या बालदिनाला मी होते. पाचवीतलं एक पोरगं, शर्टावर केळीच्या चिकाचे काळपट डाग. एरवी धड्यावर प्रश्न विचारला की मान खाली. बाईंनी सांगितलं, तुझ्या बागेतलं सांग, घरी बोलतोस तसंच सांग. मग केळीच्या बुडाशी फुटलेलं कुठलं पील ठेवायचं, कुठलं कापायचं, घड उतरवताना खाली पानं का अंथरायची, न थांबता सांगत सुटलं. मागून कुणी शंका काढली, तिलाही चोख उत्तर. त्याचा बाप खिडकीशी उभा होता. मला म्हणाला, "घरी आम्ही कामाचंच बोलतो, बाई. याला एवढं येतं हे मलाच माहीत नव्हतं." प्रेम नव्हतं असं थोडंच आहे, नाना? ऐकायला सवड काढली नव्हती.

राहिली वेचणी. शाळा सुटल्यावर घरच्या शेतात हातभार लावायला २०१६ साली सुधारलेल्या बालमजुरी कायद्याचीही मनाई नाही. पण बोंडांची टोकं लागून नखांच्या कडा सोलवटलेल्या पोरांनी एक दिवस खाडा केला, तर तेवढा कापूस आपण मोठ्यांनी वेचावा.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर आहात, असं लिहिलंय. मग यंदा पाहुण्यांचं भाषण काढून तो वेळ पोरांना द्यायचा ठराव तुम्हीच मांडा. बैठक कधी आहे ते कळवा, मी येते.