‘पैसे घेतले आणि शेजाऱ्यांचीच बाजू घेतली’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी तुमच्या बीगलची, ब्रुनोची ट्रेनिंगची वही काढून सगळ्या नोंदी पुन्हा बघायच्या होत्या. तुमची तक्रार अशी: सहा आठवडे ट्रेनिंग झालं, १२ हजार रुपये गेले, तरी ब्रुनो घरात भुंकतोच. सोसायटीने १५ दिवसांत कुत्रा हलवा म्हणून नोटीस दिली. बार्क कॉलर, म्हणजे भुंकलं की शॉक देणारा गळ्यातला पट्टा, मागितली तर मी नाही म्हणालो. आणि वर खालच्या मजल्यावरच्या काकांची बाजू घेतली.

आधी माझी चूक. पहिल्या फोनवरच तुम्ही म्हणाला होतात, ‘आम्ही कामावर गेलो की हा सुरू होतो.’ एवढं ऐकल्यावर मी पहिल्याच आठवड्यात तुमच्या घरी यायला हवं होतं. मी मात्र त्याला मखमलाबाद रोडच्या मैदानावरच बोलावत राहिलो. तिथे ब्रुनो शहाण्यासारखा बसतो, थांब म्हटलं की थांबतो, साखळी न ओढता चालतो. पण मैदानावर तो एकटा कधी नसतोच. दार बंद झाल्यावर सुरू होणारा त्रास मला तिथे दिसणार कसा? चौथ्या आठवड्यात घरी आलो तेव्हा हे लक्षात आलं. तोवर तुमचे पैसेही बरेच खर्च झाले होते आणि शेजाऱ्यांचा धीरही सुटत आला होता. म्हणून यातले ६ हजार रुपये मी परत करतोय. तुम्ही पुढे माझ्याकडे या किंवा येऊ नका, ते तुमचेच आहेत.

आता ब्रुनोबद्दल, कारण खरा प्रश्न अजून तसाच आहे.

तुम्ही जुना मोबाईल हॉलमध्ये ठेवून जे रेकॉर्डिंग केलंत, ते मी तीनदा ऐकलंय. सकाळी दार लागल्यावर सात मिनिटं शांतता आहे. मग तो सुरू होतो आणि जवळजवळ ४० मिनिटं थांबत नाही. त्यानंतर घंटागाडीचं गाणं वाजलं की पुन्हा भुंकतो, लिफ्टचं दार आपटलं की पुन्हा. नीट ऐकलंत तर पहिल्या ४० मिनिटांतला आवाज आणि नंतरचं भुंकणं यांत फरक आहे. घंटागाडीवर आणि लिफ्टवरचं भुंकणं छोटं, तुटक आहे. गाडी गेली की दोन मिनिटांत संपतं. पहिल्या ४० मिनिटांत मात्र तो भुंकत नाही, गळा काढतो. बीगल ही जात मुळात सशांचा माग काढायला, कळपाने पळायला तयार केलेली. लांबवर ऐकू जाईल असा हेल काढणं तिच्या रक्तात आहे आणि एकटं राहणं तिला सर्वांत जड जातं. दाराच्या चौकटीवरचे ओरखडे तुम्हीच मला दाखवले होते. ते मस्तीचे नाहीत. तो घाबरलेला आहे.

म्हणूनच मी बार्क कॉलर दिली नाही, आणि यापुढेही कुणाला देणार नाही. एकटेपणाच्या भीतीने रडणाऱ्या जिवाला रडल्याबद्दल मानेला शॉक बसला, तर भीती कमी होत नाही. एकटं राहणं आणि वेदना यांची त्याच्या डोक्यात गाठ बसते. आवाज कदाचित बंद होईल. मग तो पाय चावत बसेल, दार कुरतडेल, किंवा एखाद्या दिवशी न गुरगुरता चावेल. भुंकणं ही त्याची आपल्याला दिलेली सूचना आहे, ती दाबून टाकायची माझी तयारी नाही.

तुटक भुंकण्यावर उपाय सोपा आहे. गॅलरीच्या ग्रिलला त्याच्या उंचीपर्यंत कापड बांधा. सकाळी त्याला मागच्या खोलीत ठेवा, पंखा चालू असू द्या म्हणजे लिफ्टचा आवाज दबेल, आणि घंटागाडीच्या वेळी थोडं खाणं जमिनीवर विखरून द्या, म्हणजे नाक कामाला लागेल. गॅलरीत बांधून जाणं मात्र आजपासून बंद करा. कुत्र्याला कायम बांधून ठेवायचं आणि फिरवायचंच नाही, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमातही बसतं. पण कायदा बाजूला ठेवा. बांधलेल्या जागेवरून सगळं दिसतं आणि कुठेच जाता येत नाही, त्यामुळे तो जास्तच भुंकतो.

गळा काढण्याला वेळ लागेल. चपला घालायच्या, किल्ली वाजवायची आणि पुन्हा सोफ्यावर बसायचं. मग दाराबाहेर ३० सेकंद. मग एक मिनिट, दोन, पाच. तो घाबरायच्या आत परत यायचं. पाच मिनिटं शांत बसला म्हणून दुसऱ्या दिवशी एकदम तासभर गेलात, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. यात महिना-दोन महिने सहज जातात, आणि तोवर त्याला नऊ तास एकटं ठेवता येणार नाही. सासूबाई येऊन राहतील असं म्हणाला होतात, ते जमतंय का बघा. नाहीतर दुपारपुरता कुणी सांभाळणारा मी शोधून देतो. एकदा डॉक्टरांकडूनही तपासून घ्या. कान दुखत असला तरी कुत्रा असाच बेचैन होतो. आणि भीती फार असेल तर डॉक्टर काही दिवस औषध देतात, त्यात कमीपणा नाही.

आता काकांबद्दल. हे त्यांना विचारूनच लिहितोय. ते सातपूरच्या कंपनीत आहेत आणि बहुतेक आठवडे थर्ड शिफ्टला असतात. सकाळी घरी येऊन, अंघोळ करून साडेआठला आडवे होतात. नेमकं त्याच वेळी तुमचं दार लागतं आणि त्यांच्या डोक्यावर ब्रुनो सुरू होतो. चार महिने हा माणूस झोपलेला नाही, ताई. त्यांनी आधी वॉचमनकडे निरोप दिला, मग तुमच्या दाराशी आले, मग ग्रुपवर लिहिलं, आणि सगळ्यात शेवटी अर्ज दिला. मी जिन्यात त्यांच्याशी अर्धा तास बोललो ते याचसाठी, आणि तुम्हाला ते बाजू घेणं वाटलं. मी त्यांचीही बाजू घेतो, ब्रुनोचीही घेतो. दोघांचीही झोप एकाच आवाजाने उडाली आहे. समोरच्या आजी ‘कुत्रं रडतंय, अपशकुन आहे’ म्हणतात, त्यांच्यावरही चिडू नका. कारण कळलं की त्यांची भीती जाईल. तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

नोटिशीचं म्हणाल, तर कुत्रा हलवा असं सोसायटी सांगू शकत नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. त्या सूचनांचं पहिलं पान तुम्ही बोर्डावर लावलंत. पण त्याच सूचनांमध्ये असंही आहे, की सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो आणि कुत्र्याला शांत ठेवायचा प्रयत्न मालकाने करायचा, विशेषतः रात्री. तेही पान लावा. ग्रुपवर कुणीतरी ४५ डेसिबलचा नियम टाकलाय. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, हे खरं. पण ती ठरावीक वेळेतली सरासरी असते, एकेका भुंकण्याला लावायची नसते. आणि काकांची झोप सकाळी साडेआठची. रात्रीचा नियम त्यांच्या कामाचा नाही आणि तुमच्याही नाही. या वादात पडू नका. कमिटीला लेखी द्या: काय काय करताय, कधीपासून, आणि दर आठवड्याचं रेकॉर्डिंग दाखवायची तयारी आहे. सोबत लसीकरणाचं कार्ड जोडा. मी काय बघितलं आणि काय सुचवलं, ते माझ्या सहीने लिहून देतो. कमिटीच्या मीटिंगलाही येतो.

काकांना एक गोष्ट मी विचारून ठेवली आहे. पुढच्या महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक ते तुम्हाला द्यायला तयार आहेत. ज्या आठवड्यात त्यांची थर्ड शिफ्ट, त्या आठवड्यात तरी सकाळी ब्रुनो एकटा राहणार नाही, एवढं आधी जमवू.

रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही. पुढच्या तीन घरभेटींचे पैसे घेणार नाही. तुमची हरकत नसेल तर येत्या मंगळवारी सकाळी साडेसातला, घंटागाडी यायच्या आधी, मी येतो. ऑफिसला दोन तास उशीर होईल असं सांगून ठेवा, मोबाईल चार्ज करून ठेवा, आणि ब्रुनोला नाश्ता देऊ नका. तो मी तिथे आल्यावर वापरणार आहे.