‘१७ नंबर लिहिला की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये (यंत्राचा भाग चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) बोर्डाची पिन आकड्याऐवजी नावानं शोधणं म्हणजे उगाच लांबण, असं तुम्ही लिहिलंय. शिरोलीच्या युनिटमध्ये तुमचा एकच बोर्ड, भट्टीच्या ब्लोअरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) १७ वर, मग ड्रायव्हरमध्ये सरळ १७ का लिहू नये? शिवाय नावात एक अक्षर चुकलं तर कर्नल (लिनक्सचा गाभा) चकार शब्द काढत नाही, ही तुमची तक्रार. ती वजनदार आहे, तिच्याकडे येतोच.

आधी १७ चं बघू. तो आकडा पिनचा नसतो. कर्नल प्रत्येक जीपीआयओ चिपला (पिना चालवणाऱ्या चिपला) सुरुवातीचा एक आकडा देतो आणि तिथून पुढं मोजतो. रास्पबेरी पाय ४ वर कर्नल ६.६ मध्ये ही सुरुवात ० वरून ५१२ वर गेली आणि १७ चा ५२९ झाला. वायर तीच, पिन तीच. जुना ड्रायव्हर मात्र १७ मागत राहतो. त्या आकड्याची चिप मागाहून येईल असं धरून कर्नल प्रोब, म्हणजे ड्रायव्हरची यंत्राशी जोडणी, पुढं ढकलतो, आणि ती चिप काही येत नाही. म्हणजे गप्प बसण्यात आकडाही मागं नाही.

पण नावाचा खरा फायदा वेगळाच आहे. बाजारात मिळणारे ऑप्टोवाले रिले मॉड्यूल बहुतेक अ‍ॅक्टिव्ह लो असतात: पिनवर ० दिला की रिले ओढतो. उद्या त्या जागी यूएलएन२००३ चिपवरचा रिले बसवलात तर १ दिल्यावर ओढणार. आकड्याच्या ड्रायव्हरमध्ये हा उलटा-सुलटा हिशेब दहा ठिकाणी विखुरलेला असतो. एक जागा राहिली, की ड्रायव्हर लोड होताच ब्लोअर सुरू. भट्टीजवळ माणसं उभी असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पिन मागणाऱ्या जीपीआयओडी_गेट या फंक्शनला ‘रिले’ एवढंच नाव दिलं की कर्नल डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय कुठं जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलीत) ‘रिले-जीपीआयओज’ शोधतो. चिप, पिन आणि अ‍ॅक्टिव्ह लो की हाय, हे सगळं तिथं एकाच ओळीत लिहिलेलं असतं. ड्रायव्हरमध्ये १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. मॉड्यूल बदललं तर ती एक ओळ बदलायची, ड्रायव्हरला हात लावायचा नाही. कर्नल ३.१३ पासून, म्हणजे २०१४ पासून ही सोय आहे.

वेळ जातो म्हणाल, तर शोध प्रोबमध्ये एकदाच होतो. पुढं हातात नुसता त्या पिनकडं बोट दाखवणारा पॉइंटर.

आता चुकलेल्या अक्षराचं. तुम्ही बहुतेक ‘ऑप्शनल’वालं फंक्शन वापरताय. नाव सापडलं नाही की ते नल (रिकामा पॉइंटर) देतं, आणि नलवर किंमत लिहिली तरी कर्नल काही न बोलता परत फिरतो. ज्या पिनशिवाय यंत्र चालूच शकत नाही तिला ऑप्शनल लावू नका, साधं डेव्हएम_जीपीआयओडी_गेट घ्या. नाव चुकलं तर एरर मिळते. ती एरर नोंदवणाऱ्या डेव्ह_एरर_प्रोबला देऊन परत करा, म्हणजे प्रोब तिथंच पडतो आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) कारण दिसतं. त्याच्याही आधी पकडायचं असेल तर बाइंडिंगच्या (डिव्हाइस ट्रीत काय असावं त्या नियमांच्या) यामल फाइलमध्ये ती प्रॉपर्टी सक्तीची करा आणि मेक डीटीबीएस_चेक चालवा. डिव्हाइस ट्रीतली चूक बोर्डाला वीज देण्याआधीच समोर येते.