निबंधावर हसलो, पुढची ओळ कुणी वाचली?

मे २०२४. पुण्यातलं पोर्शे प्रकरण. बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला लिहायला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. राग रास्तच होता, दोन जीव गेले होते. पण त्याच जामिनाच्या अटींमध्ये दारू सोडण्यासाठी उपचार आणि समुपदेशनही होतं. त्यावर माझ्या फीडवर तरी कुणी चकार शब्द काढला नाही.

पोराच्या डोक्यात काय चाललंय, हा प्रश्न आपल्याकडे गाजतो तो १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तेव्हाच. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५. तिथे बघतात काय, तर गुन्हा करण्याची क्षमता होती का, परिणाम कळत होते का. म्हणजे खटला सज्ञानासारखा चालवायचा का, ते ठरवायला. मंडळावर मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. उत्तम. पण मोबाइल चोरला म्हणून आणलेल्या १४ वर्षांच्या पोराचं काय?

त्याच्यासाठी सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची, सवयींची माहिती भरायचा फॉर्म. सवयींच्या रकान्यात सिगारेट, दारू, ड्रग्ज, जुगार. खूण केली की रकाना भरला! किती, कधीपासून, झोप लागते का, जीव द्यावासा वाटतो का, हे त्या खुणेतून कसं कळणार?

कालपर्यंत पंक्चरचं सोल्युशन हुंगणारा किंवा मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती (नशेसाठी घेतली जाणारी झोपेची, चिंतेवरची गोळी) खाणारा मुलगा निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी संपेपर्यंत अशा मुलांना ठेवतात तिथे, येतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री घाम, हाताला कंप, भांडणं. ‘नाटकं करतोय’ म्हणून मोकळे. ही गोळी रोज खाणाऱ्याची अचानक तुटली तर फिटही येऊ शकते.

अमेरिकेत अशा मुलांसाठी ‘मेसी-टू’ नावाची, व्यसन आणि मानसिक त्रास हेरणारी चाचणी आहे. ५२ प्रश्न, हो किंवा नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. घ्यायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. ही नुसती चाळणी, निदान पुढे. जशीच्या तशी उचलू नका, आपल्या पोरांच्या बोलीत करा. आणि एक अट: उत्तरं केसच्या फायलीत जाता कामा नयेत. ‘गांजा ओढतोस?’ याचं उत्तर उद्या मंडळापुढे वाचलं जाणार असेल तर कोण खरं बोलेल?

व्यसनी मुलाला उपचारासाठी हलवायची सोय कलम ९३ मध्ये आहेच. दारातच ओळखला तर ती वापरता येईल. तुमच्या जिल्ह्यात अशा मुलाला ठेवून घेणारं व्यसनमुक्ती केंद्र आहे का? या क्षेत्रातल्यांनी कमेंटमध्ये लिहा.